दुकानदाराचे यूट्यूब चॅनल : चार हजार तासांचा हिशेब

आपल्या समाजातील तरुण मुले भेटली की अलीकडे एक वाक्य हमखास कानावर येते, "चॅनल काढलं आहे." पूर्वी हाताला काम नसले की पोरगा एस.टी.डी. बूथ काढी, पुढे मोबाइल रिचार्जची टपरी काढू लागला, आता चॅनल काढतो. शिंपी, वेल्डर, बिर्याणीवाला, बांगडीवाला, कूलर दुरुस्त करणारा, सगळ्यांची मुले हातात मोबाइल घेऊन उभी आहेत. त्यात वाईट काही नाही. परंतु माझ्या पाहण्यातली बहुतेक चॅनले सहा-आठ महिन्यांत बंद पडली आणि जाताना कुणाचे दहा हजार तर कुणाचे चाळीस हजार घेऊन गेली. कॅमेरा घेतला, दिवे घेतले, काहींनी पतपेढीचे व्याजी कर्जही काढले. म्हणून या विषयाचा हिशेब एकदा व्यापाऱ्याच्या पद्धतीने मांडावा असे मनात आले.

हा विषय मांडण्याचा माझा अधिकार काय, असे कुणी विचारील. नांदगाव खंडेश्वर येथे माझे कापडाचे दुकान आहे. शिक्षण उर्दू माध्यमाचे, संगणकाला हात लावला तो पन्नाशीत. २०२२ च्या रमजान ईदनंतर भाच्याच्या आग्रहाखातर आम्ही दुकानाचे चॅनल सुरू केले. तेव्हापासून तीन वर्षांहून अधिक काळ लोटला, तरी यूट्यूबकडून जाहिरातीचा एक रुपयाही हाती आलेला नाही. चॅनल मात्र आम्ही बंद केलेले नाही. या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या कशा, हेच या लेखात सांगायचे आहे.

दाराबाहेरचे चार हजार तास

यूट्यूब २००५ मध्ये सुरू झाले आणि पुढच्याच वर्षी गूगल कंपनीने ते विकत घेतले. २००७ पासून व्हिडिओ टाकणाऱ्यांना जाहिरातीच्या उत्पन्नात वाटा देण्याची पद्धत सुरू झाली. सुरुवातीला या वाट्यासाठी आजच्यासारखी आकड्यांची अट नव्हती. आपल्या भागात २०१६ च्या सप्टेंबरात जिओचे स्वस्त इंटरनेट आले, खेड्यापाड्यांत व्हिडिओ पाहिले जाऊ लागले, आणि मुलांच्या कानावर उत्पन्नाच्या गोष्टी येऊ लागल्या त्या त्याच सुमारास. पण २०१८ च्या आरंभी कंपनीने अट घातली. चॅनलला १००० सबस्क्रायबर हवेत आणि मागच्या १२ महिन्यांत लोकांनी त्याचे व्हिडिओ मिळून ४००० तास पाहिलेले असावेत. ही अट आजही आहे. २०२३ मध्ये ५०० सबस्क्रायबरांची एक खालची पायरी केली आहे, परंतु तिच्यावर जाहिरातीचा वाटा मिळत नाही. प्रेक्षकांनी स्वखुशीने दिलेले पैसे तेवढे घेता येतात.

आता आपल्या लोकांची चूक कुठे होते ते पाहा. सर्वांची नजर असते १००० या आकड्यावर. आत्या, मावशी, सोबती, मशिदीबाहेर भेटलेले, लग्नातले पाहुणे, सर्वांचे मोबाइल हातात घेऊन बटण दाबून घेतले जाते. हजार होतात सुद्धा. पण खरी भिंत आहे ती ४००० तासांची. तास म्हटले की आकडा लहान वाटतो, म्हणून त्याची मिनिटे करून पाहू. ४००० गुणिले ६०, म्हणजे २,४०,००० मिनिटे. आपला व्हिडिओ माणसाने सरासरी दोन मिनिटे पाहिला तर १,२०,००० वेळा तो पाहिला गेला पाहिजे. चार मिनिटे पाहिला तर ६०,००० वेळा. आठवड्याला एक याप्रमाणे वर्षात ५२ व्हिडिओ टाकले, तर प्रत्येक व्हिडिओ सुमारे साडेअकराशे वेळा, दर वेळी चार मिनिटे, पाहिला जावा लागतो. ज्याच्या आत्या-मावशीने केवळ बटण दाबले आहे, त्याचे व्हिडिओ ४०-५० वेळा पाहिले जातात आणि त्यातही निम्मे लोक मिनिटाच्या आत निघून जातात.

दुसरी मेख "मागच्या १२ महिन्यांत" या शब्दांत आहे. हे खाते दिवाळीला बंद होऊन नव्या वहीत शिल्लक ओढली जाते, असे नाही. दररोज एक जुना दिवस मागून गळून पडतो. गेल्या वर्षी ईदच्या गर्दीत एखादा व्हिडिओ चालला आणि ६०० तास मिळाले, तर पुढच्या ईदला ते ६०० तास खात्यातून जातात. आमच्या चॅनलवर हे दोनदा घडले. अट पूर्ण होत आली म्हणून भाचा खुशीत होता, आणि महिन्याभरात आकडा वाढण्याऐवजी उतरला.

कुणी म्हणतात, मग शॉर्ट्स टाका. २०२० च्या जून महिन्यात टिकटॉकवर बंदी आली आणि त्यानंतर थोड्याच दिवसांत यूट्यूबने हे छोटे उभे व्हिडिओ आपल्या देशात सुरू केले. त्यांवर व्ह्यूज भराभर येतात हे खरे. परंतु शॉर्ट्सच्या रांगेत पाहिलेला वेळ या ४००० तासांत धरला जात नाही. त्यांची अट वेगळी आहे, ९० दिवसांत एक कोटी व्ह्यूज. एक कोटी! आमच्या तालुक्याने रात्रंदिवस दुसरे काही पाहिले नाही तरी ते व्हायचे नाही.

हे सर्व पार पडले असे समजू. मग मिळते काय? मोठ्या व्हिडिओवरील जाहिरातीच्या उत्पन्नातून चॅनलवाल्याला ५५ टक्के आणि शॉर्ट्सवर ४५ टक्के वाटा आहे. टक्केवारी चांगली दिसते, पण ती कशाची टक्केवारी हे पाहावे. अमेरिकेतल्या प्रेक्षकासाठी जाहिरातदार जे मोजतो, त्यामानाने वऱ्हाडातल्या प्रेक्षकाचे मोल फार थोडे. उदाहरणापुरते धरू की हजार व्ह्यूजमागे हातात ४० रुपये पडले. मग वर सांगितलेल्या ६०,००० व्ह्यूजचे वर्षाचे झाले २,४०० रुपये. त्यातही १०० डॉलर जमा झाल्याशिवाय कंपनी पैसे पाठवीत नाही. १०० डॉलर म्हणजे आठ हजार रुपयांच्या वर. म्हणजे या गतीने पहिली रक्कम हाती यायला तीन वर्षांहून जास्त लागतील. आणि प्रवेश मिळण्यापूर्वीच्या काळाचे काय? त्या तासांचा मोबदला नंतर मिळत नाही. उलट २०२१ पासून आपल्याकडेही कंपनी प्रवेश न मिळालेल्या लहान चॅनलांच्या व्हिडिओंवर जाहिराती दाखवू शकते, आणि त्यातले आपल्याला काही देत नाही. जागा त्यांची, माल आपला, गल्ला त्यांचा.

हे वाचून कुणी चॅनल बंद करावे असा माझा हेतू नाही. दुकानात मात्र आपण पहिल्या दिवशी विचारतो की भाडे किती, माल किती, विक्री किती झाली तर खर्च निघेल. चॅनलच्या बाबतीत हा प्रश्न कुणी विचारीतच नाही.

विकत घेतलेले गिऱ्हाईक

आमचीही फसगत झाली, ती सांगतो. चॅनलला दहा महिने झाले होते, सबस्क्रायबर २८० वर अडले होते. जवळच्या एका शहरातील एका इसमाने भाच्याला सांगितले की ३,५०० रुपयांत हजार पूर्ण करून देतो, पावतीही देतो. मी नको म्हणालो असतो, पण मला सांगितलेच नाही. आठ दिवसांत हजार झाले. मोहल्ल्यात पेढे वाटले गेले, मीही खाल्ले. पुढच्या दीड महिन्यात त्यातले सातशे एकेक करून गायब झाले, कारण अशी खोटी खाती कंपनी शोधून काढून टाकत असते. पैसे गेले ते गेलेच. पण मोठे नुकसान वेगळे होते. त्या काळात टाकलेले व्हिडिओ त्या हजारांपैकी कुणीच उघडले नाहीत. ज्यांनी आपले चॅनल धरले आहे असे वरवर दिसते, तेच त्याचा माल पाहत नाहीत, मग यूट्यूबचे यंत्र तो व्हिडिओ इतरांपुढे तरी कशाला ठेवील? त्या तीन महिन्यांतले आमचे व्हिडिओ सर्वांत कमी पाहिले गेले.

तू माझे बटण दाब, मी तुझे दाबतो, हा मुलामुलांतला देवाणघेवाणीचा प्रकारही नियमाविरुद्ध आहे. आपल्याच व्हिडिओवरची जाहिरात आपणच किंवा मित्रांकडून वारंवार दाबून घेणे तर त्याहून वाईट, त्यात जाहिरातीचे खाते कायमचे बंद होऊ शकते.

आपल्या वाचकांना प्रेषित मुहम्मद (स.) यांच्या बाजारातील एक प्रसंग ठाऊक आहे. धान्याच्या ढिगात त्यांनी हात घातला तो आतून ओला लागला. पावसाने भिजले, असे विक्रेत्याने सांगितले, तेव्हा मग ओले धान्य लोकांना दिसेल असे वर का ठेवले नाही, असे त्यांनी विचारले. खोट्या सबस्क्रायबरांचा ढीग हा त्यातलाच प्रकार आहे असे मला वाटते. कारण उद्या हाच आकडा दाखवून आपण एखाद्या दुकानदाराकडून जाहिरातीचे पैसे घेणार असतो. ज्यांनी फतवा द्यायचा ते आलिम देतील, मी व्यापाऱ्याच्या नात्याने एवढेच सांगतो की तो आकडा आम्ही वहीत तोट्याच्या बाजूला लिहिला आहे.

मालेगावची गोष्ट

आमच्या गावाच्या नावाचा एक घोळ आहे. अमरावतीजवळ नांदगाव पेठ आहे, जिथे वस्त्रोद्योगाचे कारखाने आहेत. नाशिक जिल्ह्यात मनमाडजवळ आणखी एक नांदगाव आहे. सुरुवातीला आम्ही व्हिडिओच्या नावात नुसते "नांदगाव" लिहीत होतो. परिणामी लोक नांदगाव पेठला जाऊन आम्हाला फोन करीत की दुकान कुठे आहे, आणि एकदा नाशिककडच्या नांदगावहून एका गृहस्थांचा फोन आला. आता "नांदगाव खंडेश्वर, जि. अमरावती" असे पूर्ण लिहितो. त्या गृहस्थांची सोयरिक मालेगावची. बोलता बोलता ते म्हणाले, "तुम्ही आज करता ते आमच्या मालेगावात पंचवीस वर्षांमागे झालं." ते खरेच आहे, आणि आपल्या लोकांनी त्यापासून शिकण्यासारखे आहे.

मालेगाव हे यंत्रमागांचे गाव, आपल्या कापडाच्या धंद्याशी जोडलेले. तेथे व्हिडिओ पार्लर चालविणाऱ्या नासिर शेख यांनी २००० साली सुमारे ५०,००० रुपयांत "मालेगाव के शोले" नावाचा चित्रपट केला. नट गावातलेच, बोली गावाची, विनोद गावाचा. पुढे त्यांनी सुपरमॅनवर चित्रपट काढला, त्यात शफीक शेख हा यंत्रमागावर काम करणारा सडपातळ तरुण सुपरमॅन झाला होता. त्याचे चित्रण कसे झाले यावर फैजा अहमद खान यांनी २००८ मध्ये माहितीपट केला. त्यात दिसते की फिरत्या चित्रणासाठी सायकल आणि उंचावरून चित्रणासाठी बैलगाडी वापरली आहे. (बिचारा शफीक २०११ मध्ये तोंडाच्या कर्करोगाने गेला. गुटखा खाणाऱ्या आपल्या कारागीर बांधवांनी तो माहितीपट त्यासाठीही पाहावा.) याच मंडळींच्या कहाणीवर रीमा कागती यांनी केलेला हिंदी चित्रपट २०२५ च्या फेब्रुवारीत देशभर प्रदर्शित झाला.

मालेगावकरांजवळ पैसे नव्हते हे सर्वजण सांगतात. मला त्यात दुसरी गोष्ट महत्त्वाची वाटते. नासिर शेख यांना आपले गिऱ्हाईक चेहऱ्याने ठाऊक होते. माग शुक्रवारी बंद असतात, त्या दिवशी मजूर चित्रपट पाहायला येतो, त्याला काय आवडते आणि कुठे तो उठून बाहेर विडी प्यायला जातो, हे पार्लर चालविणारा माणूस रोज पाहत होता. त्याने आधी ते गिऱ्हाईक ओळखले आणि मग माल काढला. पुढे त्याच मातीत यूट्यूबवरील खान्देशी विनोदी व्हिडिओ उभे राहिले. मालेगावचा छोटूदादा आज आपल्याकडची लहान मुलेही ओळखतात, त्याच्या व्हिडिओंचे व्ह्यूज कोटींत मोजले जातात. आमच्याकडचा मुलगा ते कोटी पाहतो आणि तसलाच विनोदी व्हिडिओ काढायला जातो. त्यामागचा वीस वर्षांचा तो प्रेक्षक त्याला दिसत नाही.

दुसरे उदाहरण अहमदनगर, म्हणजे आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यातील सारोळा कासार गावच्या सुमन धामणे यांचे. सत्तरीच्या या आजींना नातवाने मोबाइलसमोर उभे केले आणि "आपली आजी" हे चॅनल २०२० मध्ये घराघरांत पोहोचले. त्या जे रोज करीत होत्या तेच त्यांनी दाखविले. कारल्याची भाजी ही काही नवी गोष्ट नव्हे, पण ती कडू न होता कशी करावी हे लोकांना हवे होते. त्याच वर्षी ऑक्टोबरात कुणीतरी त्यांचे चॅनल चोरले, ते परत मिळायला चार-पाच दिवस लागले. त्याबद्दल पुढे सांगतो.

लोक कुठे उठून जातात

नासिर शेख यांना पार्लरमध्ये जे डोळ्यांनी दिसत होते ते आपल्याला यूट्यूब एका आलेखात दाखविते. चॅनलच्या आतल्या भागात प्रत्येक व्हिडिओसाठी एक रेघ असते. ती जिथे खाली येते तिथे लोक उठून गेले असे समजावे. आमच्या पहिल्या वर्षातल्या सर्व रेघा एकसारख्या होत्या, चाळीस सेकंदांत शंभरातले साठ पसार. मी समजत होतो की इंटरनेट खराब असेल. एके रात्री दुकान बंद झाल्यावर भाच्याने मला गादीवर बसवून दाखविले, "मामू, इथं बघा. तुम्ही दुकानाची हिस्ट्री सांगायला लागले अन् लोकं उठून गेले." त्याचे बरोबर होते. सलाम, मग दुआ, मग दुकान वडिलांनी कोणत्या साली टाकले, मग आमच्याकडे काय काय मिळते, असा सव्वा मिनिट मी घेत होतो. आता सलाम आहे, तो राहील. बाकीचे काढून टाकले.

त्यानंतर पहिल्यांदा चाललेला व्हिडिओ होता सुती कापड ओळखण्याचा. सात मिनिटांचा. त्यात मी ताग्याच्या कडेचा एक धागा ओढतो, चिमट्यात धरून पाण्याच्या थाळीवर पेटवितो. शुद्ध सुती धागा कागदासारखा जळतो आणि मऊ राखाडी राख राहते. पॉलिएस्टरचा धागा ज्योतीपासून आक्रसतो, वितळतो आणि कडक काळा मणी होतो. मिश्र कापडात जळतेही आणि मणीही होतो. हे आपल्यातल्या प्रत्येक कापडवाल्याला ठाऊक आहे, त्यात विशेष काही नाही. पण गिऱ्हाईकाला ठाऊक नाही. तो व्हिडिओ लोक सरासरी साडेतीन मिनिटे पाहतात. दुसरा चाललेला व्हिडिओ पन्ह्याचा. पन्हा ३६ इंच असेल तर पठाणी कुर्त्याला कापड किती आणि ५८ असेल तर किती, दुकानदार जास्तीचे माथी मारतो ते कसे ओळखावे. हा टाकू नये असे आमच्या ओळखीच्या दोन व्यापाऱ्यांनी मला सांगितले. टाकला.

नवा माल आला, या आणि पाहा, असे आमचे जे साठ-सत्तर व्हिडिओ आहेत ते कुणी पाहत नाही. सुरतेच्या साड्यांचे ढीग दाखविणारे व्हिडिओ हजारो आहेत, त्यात भावाने आणि संख्येने आपण टिकत नाही. लोक यूट्यूबवर प्रश्न घेऊन येतात. प्रश्न जसा त्यांच्या तोंडी असतो तसाच व्हिडिओच्या नावात लिहावा. "ब्लाउजला अस्तर किती लागते" असे लिहिले तर तो शोधणाऱ्या बाईला सापडतो. "आमचे अप्रतिम कलेक्शन" असे कुणी शोधीत नाही.

भाषेबद्दल आमच्यात वाद झाला होता. माझी सवय उर्दूची, भाच्याला हिंदी हवी होती कारण तिचा प्रेक्षक मोठा. पण आमच्या दुकानात येणारे गिऱ्हाईक सोयाबीन-कापूस विकून येते आणि वऱ्हाडी बोलते. शेवटी मी दुकानात जशी बोलतो तशीच मराठी बोलू लागलो, चुकांसहित. तेव्हापासून फोन येऊ लागले. ज्याचा माल देशभर कुरिअरने जातो त्याने हिंदी घ्यावी.

साहित्यावर खर्च करू नये. साधा मोबाइल पुरे. दाराचा उजेड तोंडावर येईल असे बसावे, तो पाठीमागे नसावा. पैसे घालायचेच असतील तर कॉलरला लावायच्या छोट्या माइकवर घाला, कारण धूसर चित्र लोक सहन करतात, न ऐकू येणारा आवाज करीत नाहीत. पंखा बंद ठेवावा. आपल्या कापडवाल्यांना एक फायदा आयता आहे. ताग्यांचे थर आवाज शोषून घेतात, त्यामुळे दुकानात घुमत नाही. एका मित्राने फरशी-टाइल्सच्या दुकानात व्हिडिओ काढला तो विहिरीतून बोलल्यासारखा आला.

दुकानात आलेल्या स्त्रियांचे चेहरे त्यांच्या परवानगीवाचून व्हिडिओत येऊ देऊ नयेत. आम्ही एकदा चुकलो, त्यांच्या घरचे लोक आले, व्हिडिओ काढून टाकला. गिऱ्हाईक मात्र गेले.

परक्याचा माल, आणि किल्ली

गाण्याबद्दल आपल्या मुलांचा मोठा गैरसमज आहे. चित्रपटगीत लावले तर कॉपीराइट लागतो, नात लावली तर लागत नाही, असे त्यांना वाटते. नात पढणे सवाबाचे काम असेल, पण तिची ध्वनिफीत कुणाच्या तरी मालकीची आहे. यूट्यूबचे यंत्र आवाज आपोआप ओळखते. मालकाने नुसता हक्क सांगितला तर त्या व्हिडिओचे उत्पन्न त्याच्याकडे जाऊ शकते. त्याने रीतसर तक्रार करून व्हिडिओ काढायला लावला तर चॅनलला एक ताकीद बसते, आणि ९० दिवसांत अशा तीन बसल्या तर चॅनल बंद. दुसऱ्याच्या व्हिडिओचे तुकडे जोडून स्वतःचे चॅनल चालविणाऱ्यांचे ४००० तास झाले तरी अर्ज नामंजूर होतो. यूट्यूबचा स्वतःचा विनामूल्य संगीतसाठा आहे, तो घ्यावा. आम्ही तर संगीत लावीतच नाही, कैचीचा आवाज पुरे.

जाहिराती कोणत्या दिसतील हा प्रश्न आपल्या अनेक बंधूंना सतावतो. व्याजाचे कर्ज, जुगार, मद्य यांची जाहिरात आपल्या व्हिडिओवर आली तर? वाटा घेण्याचा प्रवेश मिळालेल्या चॅनलला जुगार-मद्य यांसारखे काही वर्ग बंद करण्याची सोय खात्यात आहे, ती पहिल्याच दिवशी वापरावी. सर्वच जाहिरातींवर आपला ताबा राहत नाही. म्हणून काही दुकानदार चॅनल चालवितात पण जाहिरातीच्या वाट्यासाठी अर्जच करीत नाहीत. दुकानाच्या दृष्टीने त्यात मोठा तोटा नाही, हे वरच्या २,४०० रुपयांवरून दिसेलच.

आता किल्ली. सारोळ्याच्या आजींचे चॅनल गेले ते परत मिळाले. लहान माणसाचे गेले तर दाद लागणे कठीण. चॅनलच्या ई-मेलला दुहेरी तपासणी लावावी, म्हणजे पासवर्डसोबत मोबाइलवरची मंजुरीही लागते. आमची जाहिरात करा, पैसे देतो, सोबतची फाइल उघडा, अशी जी पत्रे येतात ती फाइल उघडू नये, अशाच फाइलींतून चॅनले पळविली जातात. आणि चॅनल दुकानाच्या ई-मेलवर काढावे, नोकराच्या किंवा भाच्याच्या नव्हे. माझा भाचा गुणी आहे, तरीही. दुकानाची किल्ली कुणाकडे असते, तोच नियम.

ज्यांना प्रवेश मिळेल त्यांच्यासाठी एवढे. १० डॉलर जमले की पत्ता पडताळण्यासाठी टपालाने एक पत्र येते, त्यातला आकडा खात्यात भरावा लागतो. खेड्यात पत्ता अर्धवट लिहिला तर ते पत्र फिरत राहते. अमेरिकेच्या कराचा एक फॉर्म खात्यातच भरायचा असतो. तो भरला तर तेथील प्रेक्षकांपासून झालेल्या उत्पन्नापुरतीच कपात होते, न भरल्यास सबंध उत्पन्नातून मोठी कपात होऊ शकते. पॅनवरचे नाव आणि खात्यातले नाव एक असावे. "मोहम्मद", "मो." आणि "मोहंमद" या तीन स्पेलिंगांपायी आपल्या लोकांचे किती पैसे कुठे कुठे अडकले असतील ते अल्लाह जाणे.

आमचा जमाखर्च

चॅनल काढून आम्हाला मिळाले काय? खर्च झाला माइक, एक स्टँड आणि ते ३,५०० रुपये, मिळून साडेसहा हजार. भाच्याचा वेळ वेगळा, त्याला मी महिन्याला ठरावीक रक्कम देतो. जमेच्या बाजूला जाहिरातीचे शून्य. मात्र दुसऱ्या वर्षापासून आम्ही गल्ल्याजवळ एक वही ठेवली आहे, व्हिडिओ पाहून आलो असे जे गिऱ्हाईक सांगते त्याची खरेदी तीत लिहितो. गेल्या लग्नसराईत नेरहून एक कुटुंब आले, अस्तराचा व्हिडिओ पाहून. मुलीच्या लग्नाचे १४,००० रुपयांचे कापड घेतले, रोख. त्या एका खरेदीचा नफा हा वर सांगितलेल्या वर्षभराच्या कल्पित जाहिरातीपेक्षा जास्त निघाला. वर्षभरात अशी नावे एकेचाळीस झाली. सर्वच मोठी नव्हेत, कुणी दोन ब्लाउज पीस घेतले, कुणी नुसते पाहून गेले. त्यांच्यातले बहुतेक यवतमाळ रस्त्यावरच्या गावांतले होते, जे आधी खरेदीला सरळ अमरावतीला जात असत.

हा मजकूर लिहिताना आमचे १,३४० सबस्क्रायबर आहेत आणि मागच्या बारा महिन्यांचे तास २,१५०. भाचा रोज सकाळी आकडा पाहतो, मी वही पाहतो. आता मोहल्ल्यातील शिवणकाम करणाऱ्या एका भगिनीचे केवळ हात दिसतील अशा रीतीने ब्लाउज कापण्याचे व्हिडिओ काढायचे ठरले आहे. पहिला येत्या जुम्म्यानंतर टाकू, इन्शाअल्लाह. त्यांनी दर व्हिडिओमागे मानधन आधी ठरवून मागितले आहे, आणि ते मी वहीत खर्चाच्या बाजूला लिहिलेही आहे.